शून्याची चिठ्ठी

गुरुशांत हवालदाराने डाव्या हाताने मोटारसायकलची किल्ली काढून घेतली आणि उजव्या हाताने सुताची दोन टोकं स्वाराच्या बोटांत दिली.

"मार गाठ."

स्वार गाडीवरून उतरलासुद्धा नाही. टोकं जुळवली, अंगठ्याखालून फेर दिला, ओढलं. हवालदाराने गाठीवरून नख फिरवलं. नख कुठे अडलं नाही. किल्ली परत मिळाली आणि गाडी कुंभारीकडे निघून गेली.

"चला, पुढचं!"

जीपला टेकून उभ्या असलेल्या फौजदार फिरदोस शेख हे बघत होत्या. त्या अकलूजकडच्या, उसाच्या कांड्यावरून जात ओळखतील, पण मागावर सूत कसं जोडतात ते त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. अक्कलकोट रस्त्यावर त्यांचा हा दुसरा दिवस. रस्त्याच्या दोन्ही अंगांना ढाबे आणि परमिट रूम अशा दाटीने उभ्या होत्या की एकातली फोडणी दुसऱ्यातल्या गिऱ्हाइकाला शिंकवे. सात वाजता यंत्रमागाचे कारखाने सुटत, आणि अर्धे कामगार घरी जाण्याआधी इथे टेकत.

"हवालदार, हे काय चाललंय?"

"चाळणी, मॅडम." गुरुशांतच्या आवाजात पेटंट घेतलेल्या माणसाचा थाट होता. "फुंकायचं मशीन एक. नळ्या मोजून मिळत्यात. दीडशे गाड्यांना कुठनं पुरणार? म्हणून ही अक्कल. ह्या रस्त्यानं जाणारा प्रत्येक गडी मागावरचा. दोन घोट पोटात गेले की बोटं ऐकत न्हाईत. गाठ जमली, तो मोकळा. फसली, तो मशीनवर."

"किती दिवस चाललंय?"

"पाच महिने. केसेस निम्म्यावर आल्या बघा. लोक सुधारले."

"आणि अपघात?"

गुरुशांतने सुताचं रीळ या हातातून त्या हातात घेतलं. "ते हायेत तेवढेच हायेत. रस्ता खराब हाय की, मॅडम."

फिरदोस मॅडमनी रस्त्याकडे बघितलं. गेल्या दिवाळीत नवा केलेला, आरशासारखा रस्ता होता.

तेवढ्यात रांगेत हसू पिकलं. निंगप्पाची जुनी मोटारसायकल बॅरिकेडपाशी येऊन थांबली होती.

निंगप्पा म्हणजे भवानी पेठेतल्या चादरीच्या कारखान्यात तीस वर्षं मागावर असलेला कारागीर. त्याची गाठ इतकी गुळगुळीत की तिच्यावर बसलेली माशी घसरून पडली, असं डोळ्यांनी पाहिलेले तिघे जण आजही हयात आहेत. त्यातले दोघे त्या वेळी शुद्धीवर नव्हते, एवढंच. एकदा वीज गेली आणि चारशे धागे एकदम तुटले, तेव्हा त्याने अंधारात सगळे जोडले आणि वर कुणाची तरी सुटलेली चप्पलही सांधून दिली, असं सांगतात. नाक्यावर तर तो पाच महिन्यांत एकदाही अडकला नव्हता, आणि त्या पाच महिन्यांत तो एकदाही कोरडा आला नव्हता. पहिली गोष्ट गुरुशांतला ठाऊक होती. दुसरी त्याने मनावर घेतली नव्हती. निंगप्पा बोलायचा कमी आणि गाठ मारायचा झटकन.

"या अण्णा. तुमचं काय बघायचं? तरी रीत म्हणून." गुरुशांतने टोकं पुढे केली. "मॅडम, हे बघून घ्या. असा हात सोलापुरात दुसरा न्हाई."

निंगप्पाने गाडी स्टँडला लावली. हात पँटीला पुसले. टोकं घेतली. एक टोक निसटलं. वाकून उचललं, तर दुसरं निसटलं. त्याने कोपरं पोटाशी आवळून धरली, श्वास रोखला. बोटं मात्र माग चालू असताना जमीन हादरावी तशी हादरत होती. फेर पडला, पण भलतीकडेच.

"टाकी फुल दिसतीया आज!" मागून कुणीतरी ओरडलं.

"नातू झाला न्हवं का! आजा दोन बाटल्या जास्तच घेणार की!"

सुताचा गुंता निंगप्पाने हवालदाराच्या तळहातावर ठेवला. गुरुशांतचा चेहरा एवढा उतरला की जणू त्याचीच किल्ली काढून घेतली होती.

"अण्णा, तुमी सुदा?"

"मशीन आण," निंगप्पा म्हणाला. "मला फुंकायचंच हाय."

नाक्यावर असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं. गुरुशांतने नवी नळी लावली. निंगप्पाने फुंकलं. मशीनने विचार केला आणि आकडा दाखवला. शून्य.

गुरुशांतने मशीन हलवलं, पुसलं, स्वतः फुंकून पाहिलं. शून्य. पुन्हा नळी बदलून निंगप्पाला दिलं. पुन्हा शून्य.

"बिघडलंय," तो म्हणाला.

फिरदोस मॅडम जीपपासून पुढे आल्या. "आत्ता ज्याची गाठ जमली, तो कुठाय?"

निंगप्पाच्या आधी सुटलेला एक बुलेटवाला पुढे जाऊन तंबाखू मळत उभा होता. त्याला बोलावून घेतलं. त्याने फुंकलं आणि मशीन असं किंचाळलं की समोरच्या ढाब्यावरचं कुत्रं उठून बसलं. रांगेतल्या पुढच्याने डोळे मिटून गाठ मारली, नख घसरलं, आणि मशीन पुन्हा किंचाळलं. तिसऱ्याने गाठ मारता मारता सुपारीही कातरली. तेव्हा तर आकडा बघून मॅडमनी मशीनच उलटं धरलंय का ते तपासलं.

"मॅडम," गुरुशांत हळूच म्हणाला, "आमच्याकडं हात पिऊन बी चुकत न्हाई, एवढं माझ्या ध्यानात आलं न्हाई."

"तीस वर्षं रोज पिऊनच मारलीया," निंगप्पा म्हणाला. "हाताला तसंच ठावं हाय. अकरा दिवस झाले, थेंब घेतला न्हाई. बसनंच जातो-येतो, आज फुंकायचं म्हणून गाडी काढली. तवापासनं कारखान्यात बी धागा सापडंना. मालक म्हणतो, जरा घेऊन ये."

मॅडमनी त्याच्याकडे नीट बघितलं. "अकरा दिवस कसे मोजलेत?"

"उद्या बारावा. पोरीच्या बाळाचं बारसं हाय अक्कलकोटला." तो थांबला. पुढचं सांगायला त्याने गाडीच्या सीटचा आधार घेतला. "पहिलं बाळंतपण. माहेरी व्हायचं. पोरगी, काव्या, म्हणाली, बाबा असताना मी तितं येत न्हाई. सासरीच झालं. आता बायको म्हणते, बारशाला चल, पण कोपऱ्यात उभं राहा. बाळाला हात लावायचा न्हाई. म्या सांगतो सोडली म्हणून. ती माझ्या हाताकडं बघती आन् पुन्हा विड्या वळायला लागती."

रांगेतलं हसू केव्हाच थांबलं होतं.

"मॅडम, त्या मशीनमधनं चिठ्ठी निघती न्हवं? तेवढी द्या."

"चिठ्ठी पिणाऱ्यांना देतात हो, अण्णा," गुरुशांत म्हणाला.

"द्या त्यांना," मॅडम म्हणाल्या.

मशीनने चिठ्ठी काढली. मॅडमनी तिच्याखाली सही केली, तारीख घातली आणि निंगप्पाची किल्ली मात्र आपल्या खिशात टाकली.

"गाडी इथेच राहील. या हातांनी ब्रेक दाबता येणार नाही तुम्हाला. हात स्थिरावले की ठाण्यातून घेऊन जा आणि सकाळी सरकारी दवाखान्यात डॉक्टरांना हात दाखवा. एकट्यानं सोडायची गोष्ट नाही ही."

निंगप्पा त्यांच्याकडे बघत राहिला. पाच महिने पिऊन गेलो तर वाट मोकळी, आणि आज गाडी जप्त. मग त्याच्या खांद्यांतून हसू वर आलं आणि तो दात दाखवून हसला. त्याने चिठ्ठी चौघडी करून टोपीत ठेवली.

"हवालदार, यांना घरी सोडून या. आणि ते रीळ जीपमध्ये टाका. आजपासून ज्याची गाठ चांगली, तो आधी फुंकणार."

"म्हंजे रीळ ठेवायचंच का, मॅडम?"

"ठेवा की. चाळणी चांगली आहे. उलटी धरली होती."

कुंभारीत निंगप्पाच्या दारासमोर पोलिसाची गाडी थांबली तेव्हा त्याची बायको कमलम्मा विड्या वळत बसली होती. निंगप्पा हवालदाराच्या मागून उतरला. तिने सूप बाजूला सारलं, पदर खोचला आणि कपाळ धरलं.

"आज काय केलं ह्यानं, साहेब? कुणाला उडवलं?"

"काही न्हाई, अक्का. आधी हे बघा." गुरुशांतने निंगप्पाच्या टोपीतली चिठ्ठी काढून तिच्या हातात दिली.

तिने ती दिव्याखाली धरली. चिठ्ठी वाचायला वेळ लागत नव्हता, तिच्यावर होतंच काय! तरी ती बराच वेळ बघत राहिली.

"शून्य," ती म्हणाली. "म्हंजे नापास का पास?"

"आमच्या खात्यात ह्याच्या वर नंबरच न्हाई, अक्का. दोनदा फुंकलं. मी सोता बी फुंकलो, मला पण एवढंच पडलं."

"मग हात का असं?"

"सोडल्यामुळं," गुरुशांत म्हणाला. "हे मला बी आजच कळलं."

निंगप्पा उंबऱ्याबाहेरच उभा होता. हात पाठीमागे धरून. कमलम्माने त्याच्याकडे एकदा बघितलं, मग आत जाऊन भाकरीच्या टोपलीवरचं फडकं काढलं.

"बसा साहेब, खाऊन जावा."

ताटं मांडली. पहिलं ताट हवालदारासमोर ठेवलं, दुसरं निंगप्पासमोर. त्याने पाण्याचा तांब्या उचलला. पाणी निम्मं ताटात, निम्मं मांडीवर सांडलं. तिने तांब्या त्याच्या हातातून घेतला आणि त्याच्या ओठांना लावला.

"उद्या बाळाला उभं राहून घ्यायचं न्हाई," ती म्हणाली. "भिंतीला टेकून बसायचं. खालनं मी हात लावते."