भांडारापुढची दोरी

मी नगरपंचायतीच्या सभेत माईकवर बोलते. तहसीलदारांना उलट प्रश्न विचारते. पण घरात सासऱ्यांशी बोलत नाही. भांडण नाही, पद्धत आहे. आमच्याकडं सून सासऱ्याशी थेट बोलत नाही, मध्ये सासू लागते.

म्हणजे असं, मामा, म्हणजे सासरे, पुढच्या सोप्यात बसलेले असतात आणि त्यांचा चहा गार होत असतो. मी दारातून आत्याबाईंना, म्हणजे सासूबाईंना, सांगते, "चहा गार होतोय म्हणावं." आत्याबाई मामांना सांगतात, "च्या गार व्हतोय." मामांना माझं बोलणं पहिल्यांदाच ऐकू गेलेलं असतं, तरी ते आत्याबाईंच्या सांगण्याची वाट बघतात आणि मग म्हणतात, "पितो म्हणावं." आत्याबाई माझ्याकडं वळून म्हणतात, "पित्यात." तोवर चहा खरंच गार झालेला असतो. एकदा नणंदेच्या बाळंतपणाला आत्याबाई सांगलीला गेल्या, तेव्हा मी आणि मामा महिनाभर म्हशीशी बोललो. माझा नवरा यशराज फौजेत, तिकडं आसामला. फोनवर मी त्याला हे सांगितलं, तर म्हणाला, चाललंय ना, मग चालू दे. लांब असलं की माणसाला सगळंच चालतं.

गाव वडूजच्या अलीकडं आहे. नाव सांगत नाही, निवडणूक जवळ आली आहे.

आमच्या मुख्य रस्त्यावर जुन्या ग्राहक भांडाराची इमारत आहे. एके काळी तिथं रेशनच्या साखरेपासून लग्नाच्या बस्त्यापर्यंत सगळं मिळायचं. पुढं संस्था बुडाली, शटर खाली आलं आणि गंजून तिथंच चिकटलं. जागा नगरपंचायतीकडं आली. आत आता पारवे राहतात. पण इमारतीपुढच्या आवारात रोज सकाळी बाजार भरतो. तो कुणी भरवत नाही, आपोआप भरतो. सुलाबाई मेथी-शेपू घेऊन पायरीवर बसते, तिच्या शेजारी वांगीवाल्या, पलीकडं बोंबलाची पाटी, कोपऱ्यात सुया-बांगड्या. उन्हात या बायका डोक्यावर पोतं घेऊन बसतात आणि पावसात शटरला पाठ लावून उभ्या राहतात. मी निवडून आले ती यांच्याच मतांवर. मी त्यांना शब्द दिला होता, भांडार पाडून तिथं मंडई बांधू. खाली भाजीचे ओटे, वर दुकानांचे गाळे.

नगरपंचायतीला हे पटलं होतं. पटलं नव्हतं ते उपनगराध्यक्ष लालासाहेबांना. त्यांची बायपासला जमीन आहे. मंडई तिथं झाली तर गावाचा विकास होईल, असं त्यांचं मत आहे. जमिनीचा आणि मताचा काही संबंध नाही, असंही त्यांचं मत आहे. आता बायपासपर्यंत पाटी डोक्यावर घेऊन जायचं म्हणजे सुलाबाईचे गुडघे अर्ध्या वाटेतच संपणार. मी सभेत हे सांगितलं. लालासाहेब म्हणाले, भांडारापाशी आता कुत्रंसुद्धा फिरकत नाही. शेवटी ठरलं, पुण्याच्या एका कंपनीचा माणूस बोलवायचा आणि भांडाराच्या आवारात सकाळभर किती माणसं येतात ते मोजायचं. माणसं दिसली तर मंडई इथं, नाही दिसली तर बायपासला. त्या ठरावाला मीच अनुमोदन दिलं. मला खात्री होती. नको तिथं खात्री बाळगायची मला सवयच आहे.

आदल्या दिवशी मी सगळ्या बायकांना सांगून आले, उद्या लवकर बसा, चारचौघांना बोलवा. गर्दी आणखी वाढावी म्हणून मला मामांची आठवण झाली. मामा म्हणजे सुभेदार सयाजीराव, फौजेतून पेन्शनीवर आलेले. गावात पेन्शनर पुष्कळ आहेत आणि सगळे मामांच्या शब्दावर उठतात-बसतात. मी स्वयंपाकघरात आत्याबाईंना सांगितलं, "उद्या भांडारापाशी माणसं मोजायला साहेब येणार आहेत. मामांनी पेन्शनर मंडळींना घेऊन यावं आणि चांगली गर्दी करावी, म्हणावं." एरवी मामांना हे थेट ऐकू गेलं असतं. त्या संध्याकाळी ते गोठ्यात धार काढत होते. आमच्या पद्धतीतली ही एक बारीक खोट आजवर कुणाच्या ध्यानात आली नव्हती.

आत्याबाई निरोप घेऊन निघाल्या आणि चुलीवरचं दूध उतू गेलं. त्या परत फिरल्या, दूध सावरलं, चुलीला चार शिव्या दिल्या आणि मग गोठ्यात जाऊन म्हणाल्या, "उद्या भांडारापाशी मोठं सायेब येनार हायती बगाया. पेन्शनर घिऊन या, म्हंती क्रांती." मोजणी आणि गर्दी दुधाबरोबर गेली. हे मला नंतर कळलं.

आता, साहेब पाहणीला येणार म्हटलं की फौजी माणूस काय करतो, हे आमच्याकडं शाळेतल्या पोरांनाही माहीत आहे. दगड दिसला की गेरू, गेरूवर चुना, झाडाला कमरेएवढा पट्टा आणि साहेबाच्या नजरेला कचरा, जनावर किंवा माणूस पडता कामा नये.

सकाळी मी नगरपंचायतीत पुण्याच्या पाहुण्याला चहा पाजत होते. निमिष नाव त्याचं, सभ्य मुलगा, हातात अंगठ्यानं दाबायचं मोजणीयंत्र. सोबत मुख्याधिकारी होते आणि न बोलावता आलेले लालासाहेब. मी निमिषला म्हटलं, आमच्याकडं गर्दी फार असते, तुमचा अंगठा दुखेल. तो हसला. आम्ही चालत निघालो.

भांडाराचं आवार मी ओळखलंच नाही. एक पान पडलेलं नव्हतं. दगड गेरूनं लाल, वर चुन्याचा पांढरा काठ. लिंबाच्या झाडाला पट्टा. गंजलेल्या शटरलासुद्धा चुना फासलेला. आवाराभोवती सुताची जाड दोरी बांधलेली आणि दोरीच्या आत फक्त पेन्शनर, एका ओळीत, ब्लेझर घालून, छातीवर पदकं लावून. ओळीच्या पुढं मामा. भाजी नाही, पाटी नाही, बाई नाही. दोरीच्या बाहेर मात्र सगळा गाव उभा. मी बोलावलेली झाडून सगळी माणसं आली होती आणि आत काय चाललंय ते बघत होती.

निमिषनं विचारलं, मोजायचं ते आवारातलंच ना? लालासाहेब म्हणाले, "ठरावात आवारच लिवलंय." निमिषनं पेन्शनरांकडं बघून विचारलं, हे ग्राहक आहेत का? मुख्याधिकारी म्हणाले, नाही, हे बंदोबस्ताला आहेत. निमिषचा अंगठा काही हलेना.

"मी म्हनत हुतो," लालासाहेब म्हणाले, "हितं कुत्रं फिरकत न्हाई." आणि ते खरं होतं. आवारातलं कुत्रं मामांच्याच एका पेन्शनरानं, गुंडा हवालदारानं, पहाटेच हाकलून दिलं होतं.

मला सुलाबाई दोरीपलीकडं दिसली. मी धावत गेले. ती म्हणाली, सगळ्या पाट्या शाळेच्या मागं नेऊन ठेवल्यात, ओळीनं, लहानमोठी बघून. मी विचारलं, तुम्ही गेलातच कशाला? तर म्हणाली, "तुझाच सासरा की गं. आमाला वाटलं, तूच सांगितलं आसशील."

सकाळ चालली होती. पुढ्यात मामा, लाकडासारखे ताठ. मी सभेत कितीदा बोलले असेन, पण ती चार पावलं काही मला टाकता येईनात. आत्याबाई घरी. म्हैस गोठ्यात. मी दोरीपाशी उभ्या असलेल्या गुंडा हवालदाराला गाठलं. म्हटलं, "गुंडाभाऊ, मामांना म्हणावं दोरी सोडा."

गुंडानं मामांपुढं जाऊन टाच जुळवली, निरोप दिला, उत्तर घेतलं, परत आला. "सायेब गेल्याबिगर दोरी सुटत न्हाई, म्हंत्यात."

"त्यांना म्हणावं, साहेब माणसं मोजायला आलेत."

गुंडा परत गेला. मामांनी ऐकलं. त्यांचा चेहरा उजळला, अखेर साहेबांना काय पाहिजे ते कळलं म्हणून. ओळीकडं वळून त्यांनी असा आवाज दिला की भांडारातले पारवे उडाले. "सावधान. गिनती कर."

"एक," पहिला पेन्शनर ओरडला. "दो." "तीन." "चार." ओळभर गिनती गेली. शेवटच्या म्हाताऱ्याला कमी ऐकू येतं, त्यानं शेजाऱ्याचाच आकडा परत सांगितला. मामांनी पुन्हा पहिल्यापासून घ्यायला लावली. लालासाहेबांनी तोंडाला उपरणं लावलं. गाव टाळ्या वाजवत होता. निमिषनं मुख्याधिकाऱ्यांना हळूच विचारलं, आज काही राष्ट्रीय सण आहे का?

माझं डोकं फिरलं. मंडई बायपासला जाणार, सुलाबाई घरी बसणार आणि का, तर माझ्या सासऱ्यांना एक वाक्य सांगायला मला माणूस मिळत नाही. मी दोरीखालून वाकून आत गेले आणि मामांच्या समोर उभी राहिले. एवढ्या जवळून मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. मिशीला थोडा चुना लागला होता.

"मामा, दोरी सोडा."

मामांनी माझ्याकडं न बघता गुंडाकडं मान वळवली. "काय म्हंती?"

"दोरी सोडा, म्हंत्यात," गुंडा म्हणाला.

"गुंडाभाऊ, तुम्ही थांबा. मामा, मी तुमच्याशी बोलतेय. हे साहेब गर्दी मोजायला आलेत. आवारात माणसं दिसली तरच मंडई इथं होणार, नाहीतर बायपासला जाणार. या बायकांना मी शब्द दिलाय. आणि तुम्ही सगळा गाव दोरीबाहेर ठेवलाय."

मामांनी चुना लावलेल्या दगडांवरून नजर फिरवली, मग दोरीकडं, मग सुलाबाईकडं. पहाटेपासूनची मेहनत होती ती, त्यांच्या वयात. मला एकदम वाईट वाटलं. मग त्यांनी माझ्याकडं बघितलं, सरळ, मध्ये कुणी नाही.

"हे आदी का न्हाई सांगितलंस, पोरी?"

"सांगितलं होतं. आत्याबाईंना."

मामांना सगळं कळलं. त्यांनी एक सुस्कारा टाकला, बत्तीस वर्षांच्या संसाराचा असावा, आणि ओळीकडं वळले. "दोरी खोल. शाळंमागचं सामान समदं हितं. ज्याचं त्याच्या जाग्याव."

फौजी माणूस बाजार उठवतो तेवढ्याच झपाट्यानं परत बसवतो, हे मी त्या दिवशी बघितलं. ब्लेझर घातलेले म्हातारे वांग्यांच्या पाट्या घेऊन पळत होते. एक नायब सुभेदार बोंबील सांभाळत आला. सुलाबाईची पाटी मामांनी स्वतः उचलून आणली, मेथीची पानं पदकांत अडकलेली. "कुटं ठिवू?" त्यांनी विचारलं. सुलाबाई म्हणाली, "रोजच्या जागी, पायरीव." मामांना रोजची जागा माहीत नव्हती. तिनं दाखवली. तिथं त्यांनीच पहाटे चुना लावला होता, ती त्या ओल्या चुन्यावरच बसली.

दोरीबाहेरचा गाव आत आला. निमिषचा अंगठा चालू झाला आणि काही वेळानं त्यानं हात बदलला.

लालासाहेब निमिषच्या कानाशी लागले. ही गर्दी आणलेली आहे, रोज इथं कुणी येत नाही, हे मोजू नका, असं त्यांचं म्हणणं पडलं. निमिष विचारात पडला. माणसं मी बोलावली होती हे तर खरंच होतं. तेवढ्यात लालासाहेबांच्या मंडळी, तानुबाई, पिशवी घेऊन आल्या. त्यांना ना मोजणी ठाऊक ना ठराव. त्या नेहमीसारख्या सुलाबाईपुढं बसल्या, मेथीची जुडी उलटीपालटी केली आणि म्हणाल्या, कालची किडकी निघाली, आज बदलून दे. सुलाबाई म्हणाली, तू रोज असंच म्हणतीस. दोघींची रोजची हुज्जत रोजच्यासारखी लागली. मग तानुबाईंनी मान वर केली.

"आवं, हितं काय हुबं ऱ्हायलाय? पिशवी धरा की."

लालासाहेबांनी पिशवी धरली. निमिषनं त्यांच्याकडं बघून यंत्र दोनदा दाबलं, एकदा तानुबाईंसाठी आणि एकदा त्यांच्यासाठी.

पुढच्या सभेत भांडाराच्या जागेवर मंडई बांधायचा ठराव मंजूर झाला. विरोधात कुणी बोललं नाही. पाडकामाला अजून अवकाश आहे, पण ओटे कुठं येणार त्याच्या रेघा मामांनी आत्ताच चुन्यानं आखून ठेवल्यात. कुणी सांगितलं नव्हतं.

मोजणीच्या दिवशी संध्याकाळी मी चुलीपाशी होते. मामा सोप्यातून उठून स्वयंपाकघराच्या दारात आले. आत्याबाईंनी सवयीनं तोंड त्यांच्याकडं केलं, निरोप घ्यायला.

"क्रांती," मामा म्हणाले, "च्या टाक. आन गरम दे, किती वरसं झाली गरम घोट घिऊन."

"टाकते, मामा," मी म्हटलं.

आत्याबाईंनी एकदा त्यांच्याकडं बघितलं, एकदा माझ्याकडं बघितलं आणि हातातला कालथा खाली ठेवला. त्या माझ्याशी पुढं आठवडाभर बोलल्या नाहीत. काही सांगायचं असलं की मामांना सांगत, "तिला म्हणावं, दूध बघ."