पोळ्याच्या दिवशीचं माप

माझ्या बातमीनं कोणाचं तरी नाव जातं. मी पदार्थविज्ञानावर लिहिते, सरकारच्या विज्ञान-धोरणावर लिहिते आणि संशोधनातल्या लबाड्यांवर लिहिते. पहिली दोन कामं पोटासाठी, तिसरं स्वभावासाठी. घरचे म्हणतात, वर्षालीला दुधात आधी पाणी दिसतं. असतंच की बहुतेक वेळा! मला एवढंच बघावं लागतं, की ज्याचं नाव जायला हवं त्याचंच जावं, भलत्याचं नको.

या वेळचा शोधनिबंध वर्ध्याचा निघाला, आणि लिहिणारे होते प्राध्यापक कैलास उमाटे. बी.एस्सी.ला मला हात धरून प्रयोग शिकवणारे माझे सर. पिकाच्या ओळींमधून बैल जो डवरा ओढतात, त्याच्या पात्यामागं सरांनी एक छोटं यंत्र बसवलं होतं. डवरा चालला की मातीतला ओलावा आपोआप मोजला जायचा. सरांच्या गावी, हिंगणीला, त्यांचे बालमित्र लक्ष्मणराव कुकडे यांच्या वावरात बासष्ट दिवस मापं घेतली, असा दावा होता. त्या मापांच्या भरवशावर सरकारची समिती येत्या सोमवारी ही यंत्रं गावोगाव वाटायला मंजुरी देणार होती.

मापांचा तक्ता मी उघडला तो कौतुकानंच, खोटं कशाला सांगू. पण आकडे फार सुबक होते. मातीत कुठं ढेकूळ नाही, बैलाला कधी लहर नाही. पावसाचे नऊ दिवस मात्र रिकामे सोडले होते, कारण चिखलात डवरा चालत नाही. ते बघून जरा बरं वाटलं. मग माझं बोट खाली सरकलं आणि थांबलं. पोळ्याच्या दिवशी सकाळी नऊ वाजता माप घेतलेलं होतं. एक नव्हे, चाळीस मापं.

दिल्लीच्या संपादकाला पोळा समजावताना माझी अर्धी सकाळ गेली. "सुट्टीच्या दिवशीही काम केलं असेल," तो म्हणाला. मी म्हटलं, "बाबा, ही सुट्टी माणसाची नाही, बैलाची आहे. त्या दिवशी आमच्याकडं कोणी बैलाच्या मानेवर जू ठेवत नाही. ज्यानं ठेवलं त्याला गावात तोंड दाखवायला जागा राहत नाही." त्यानं विचारलं, पुरावा काय? तो विचारणारच होता. मीही तेच विचारलं असतं.

मी वर्ध्याला सरांच्या प्रयोगशाळेत गेले. तिथं अजून तेच टेबल आहे. पहिल्या वर्षी याच टेबलापाशी मी एकदा लंबकाचा काळ मोजून ऐटीत वहीत लिहिला होता. सर म्हणाले होते, "एकदा घेतलेलं माप म्हणजे नुसता अंदाज. पुन्हा घे." आजही माझ्या धंद्यात मी तेवढंच करते.

चहा आला. मी तक्ता पुढं सरकवला. मनातून मी त्यांच्या गुंजन नावाच्या विद्यार्थ्यावर संशय घेऊन आले होते. कापडाच्या दुकानात वाढलेला पोरगा, त्याला बैलाचं काय कळणार. नावही त्याचंच जावं अशी माझी इच्छा होती, हे कबूल करते.

"गुंजन तर पेरणीच्या आधीच सोडून गेला," सर म्हणाले. "सगळी मापं मीच नोंदवली."

"मग पोळ्याची?"

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "लक्ष्मणनं त्या दिवशी बैल जुंपले होते. विचार त्याला."

"आणि तुम्ही जुंपू दिले? तुम्ही हिंगणीच्या कास्तकाराच्या घरचे, सर."

"डेटाची सलगता महत्त्वाची होती, वर्षाली."

उत्तर फार पटकन आलं. माझ्या डोक्यात सणक गेली, पण सरांसमोर आवाज चढवायची सवय नव्हती म्हणून उठले. जिना उतरत होते तेवढ्यात वरून त्यांचा फोनवरचा आवाज आला, "हाव लक्ष्मण, निघाली ते."

सेलूवरून हिंगणीला पोचले तेव्हा भर दुपार होती. कामाच्या दिवशी लक्ष्मणराव इस्त्रीचा सदरा घालून ओट्यावर बसले होते. मला बघून त्यांना जराही नवल वाटलं नाही. कोठ्यात दोन बैल रवंथ करत होते. मी रेकॉर्डर दाखवला, चालू करते म्हणून सांगितलं आणि खाटेवर ठेवला.

"काका, पोळ्याच्या दिवशी बैल जुंपले होते?"

"हाव. जुंपले होते."

"किती वाजता?"

"नऊ वाजता."

"काऊन जुंपले पण?"

ते जरा अडखळले. मग पाठ केलेलं आठवल्यासारखं म्हणाले, "डेटाची सलगता महत्त्वाची होती ना."

हा शब्द हिंगणीच्या वावरात उगवत नाही. तो कुठून आला हे मला ठाऊक होतं आणि मला ठाऊक आहे हे त्यांनाही कळत होतं. तरी मी रेटलं. "काका, हे छापून येईल. तुमच्या नावानं. लक्ष्मणराव कुकडे यांनी पोळ्याच्या दिवशी बैल जुंपले. सारं गाव वाचेल."

"येऊ दे," ते म्हणाले. सदऱ्याचं टोक बोटानं गुंडाळत राहिले. सरांचं नाव वाचवायला हा माणूस स्वतःचं नाव देऊन मोकळा होत होता आणि मी ते टिपून घेत होते. मला स्वतःची लाज वाटली. रेकॉर्डर मात्र मी बंद केला नाही.

तेवढ्यात त्यांची बायको, भागीरथाबाई, चहा घेऊन आली. "काय येऊन राह्यलं छापून?"

मी सांगितलं. तिनं कप माझ्या हातात दिला नाही, ओट्यावर ठेवला.

"कोणाचे बैल जुंपले?"

"भागीरथा, तू अंदर जाय."

"काऊन जाऊ? आदल्या दिवशी सांजच्याले मी या हातानं त्याईचे खांदे शेकले. हळद लावली, लोणी लावलं. आज आवतन घ्या, उद्या जेवाले या, असं त्याईच्या कानात सांगतलं. तुमी बाजूले उभे होते. जेवाले बोलावलेल्या पाव्हण्याच्या मानेवर जू ठेवते का कोणी? तुमी ठेवलं? माह्याकडे पाहून सांगा."

लक्ष्मणरावांनी तिच्याकडं पाहिलं नाही. ते कोठ्याकडं बघत होते. 

"आकांक्षा कैलासच्या घरी राह्यते व," शेवटी ते बायकोलाच म्हणाले. मग माझ्याकडं वळले. "आमची पोरगी. वर्ध्याले कॉलेजात हाय, शेवटचं वर्ष. तीन वर्षं झाले, सरायनं पोरीसारखं ठेवलं तिले. दोन महिन्यावर परीक्षा आली."

"सरांनी धमकी दिली?"

"नाई, नाई. कैलासनं काईच नाई म्हटलं. पोळ्याले बैल जुंपले असं सांग म्हणे. अन् मंग म्हणे, पोरगी बरी हाय, अभ्यास करून राह्यली."

एवढ्या मऊ शब्दांची धमकी मी आजवर ऐकली नव्हती, आणि ती धमकीच होती हे मला सिद्धही करता आलं नसतं.

"आणि यंत्र, काका?"

"ते तर पोळ्याच्या आठ दिवस आधीच गोट्यावर आपटून फुटलं. कैलास घेऊन गेलता दुरुस्तीले. मंग आलंच नाई."

आता सगळं लागलं. यंत्र फुटल्यानंतरची सारी मापं सरांनी टेबलापाशी बसून तयार केली होती. पकडले जाऊ नये म्हणून हवामान खात्याचा तक्ता शेजारी ठेवून पावसाचे दिवस तेवढे काळजीपूर्वक गाळले होते. पण त्या तक्त्यात पोळा नसतो.

"आता छाप," लक्ष्मणराव म्हणाले. "पोरगी घरी परत आली तरी चालंल. जुंपले नाई मी. बैलाच्या नावानं खोटं माह्याच्यानं नाई होत."

भागीरथाबाई पदर तोंडाला लावून उभी होती. आपण काय बोललो आणि त्यानं पोरीचं काय होऊ शकतं, हे तिला आत्ता कळत होतं.

नियमाप्रमाणं सरांची बाजू घ्यायला हवी होती. मी तिथूनच फोन लावला, आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा. "सर, रेकॉर्डर चालू आहे. यंत्र पोळ्याच्या आधीच फुटलं होतं, असं लक्ष्मणराव म्हणतात. बैल जुंपले नव्हते."

सरांनी विचारलं, "त्यानं सांगितलं?"

"आधी काकूंनी."

"काय म्हणाली भागीरथा?"

मी सांगितलं. आवतनाचं, पाहुण्याचं, जुवाचं, जसंच्या तसं.

"आमच्या घरी आवतन माय द्यायची," सर म्हणाले. "मी पाऊस तपासला, वर्षाली. प्रत्येक दिवसाचा. पोळा मी विसरलो." मग म्हणाले, "लिही."

मला रडू आलं, आणि रागही तितकाच आला. "आकांक्षाचं काय, सर?"

"ती परीक्षा होईपर्यंत माझ्याच घरी राहील. बातमीत काहीही येवो. एवढं लक्ष्मणला सांग."

लक्ष्मणराव खाटेवर बसले. भागीरथाबाईनं डोळे पुसले. त्या दोघांचा विश्वास बसला होता, आणि माझाही बसावा असं मला मनापासून वाटत होतं. मी रेकॉर्डर उचलून फोनच्या अगदी जवळ धरला.

"सर," मी म्हटलं, "पुन्हा एकदा सांगा."

त्यांना कळलं. मग आकांक्षाचं पूर्ण नाव घेऊन, सावकाश, एकेक शब्द सुटा करत त्यांनी ते दुसऱ्यांदा सांगितलं.