गिरणीचं गाऱ्हाणं

मी पिठाची गिरणी बोलतेय. बोलत मी आधीही होते, पण कुणी खरं मानलं तर ना! महिनाभर किंचाळले, माझा घसा कोरडा पडलाय म्हणून. मालकीणबाई म्हणायच्या, “म्हातारी झाली, कुरकुरणारच.”

माझ्या आसाला दोन्ही बाजूंना तेलाची भोकं आहेत. सूनबाई सकाळी येते, डोळ्यांत झोप, एका हाताने दार लोटते, दुसऱ्या हाताने झारी उचलते. सवयीने हातच तेल घालतो, डोळे बघत नाहीत. डावीकडचं तेल आत न जाता बाहेरून ओघळत होतं. पिठाच्या थरात ते कुणाला दिसणार? मी तापले. पिठाला करपट वास यायला लागला, गिऱ्हाईकं तोंड वाकडं करायला लागली. शेवटी मी जागीच बसले.

“तेल घालत नाहीस तू!” मालकीणबाई, म्हणजे तिची सासू, कडाडली.

“रोज घालते हो आई.”

“मग पितं कोण? उद्या भंगारवाला येतोय. ही गेली की तू जा परत लोकांची धुणी धुवायला.”

दुसऱ्या दिवशी सूनबाई मला शेवटचं पुसायला आली. दळण नाही, घाई नाही. पीठ उडतं म्हणून कायम लावलेलं मागचं दार तिने उघडलं आणि उन्हात टेकून बसली. एवढ्या वर्षांत ते ऊन मीही पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात वरच्या फुटक्या काचेतून एक कुंभारमाशी आली. कंबर दोऱ्याएवढी, तोंडात ओल्या मातीची गोळी. माझ्या उजव्या भोकावर बसून गुणगुणत लिंपायला लागली. पंख तांब्यासारखे चमकत होते. काम असं गोल, असं गुळगुळीत, की बघत राहावं.

“काय गं बाई हात तुझा!” सूनबाई हसली. किती दिवसांनी हसली.

मग तिची नजर डाव्या भोकाकडे गेली. उठून तिने डावं भोक पुसलं. तिथेही माती, वाळून दगड झालेली.

भंगारवाला येईपर्यंत तिने दाभणाने दोन्ही भोकं मोकळी केली, तेल सोडलं, बटण दाबलं. मी फिरले.

“मावशी, ही तर माझ्यापेक्षा ठणठणीत आहे,” म्हणत तो गेला.

थकलेय मी. उद्यापासून पुन्हा तेच दळण. एवढंच मागते, तेल घालताना बघत जा, आणि मधूनमधून ते मागचं दार उघडत जा.

सासूने माफी मागितली नाही. गिऱ्हाइकांनी विचारलं, “चूक कुणाची होती?” तेव्हा सुनेकडे न बघता म्हणाली, “माझ्या सुनेची नाही हो. ती मेली कुंभारमाशी.”