दोरीवरचा सदरा

तुम्हाला सगळं ठाऊक होतं. सन्मान समितीच्या गुबगुबीत खुर्च्यांत बसणाऱ्यांनो, त्या दुपारची टेप तुमच्या कपाटात आहे. तुम्ही ती पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलीत आणि तरीही लॉयल टॅकेटच्या नावाची पितळी पाटी ओतायला टाकलीत. लॉयल लबाड होता, हे कबूल. पण लबाडाला लबाड ओळखून हार घालणाऱ्याला काय म्हणायचं?

लॉयल केंटकीच्या कोळशाच्या खाणपट्ट्यातून अमेरिकेतल्या गाण्याच्या धंद्याच्या शहराला, नॅशव्हिलला आला, तेव्हा त्याच्याकडे एक गिटार आणि वीसेक रडकी गाणी होती. शेहेचाळीस वर्षांत त्यानं नाव काढलं. आधी गाणी लिहिली, मग स्वतःचा स्टुडिओ थाटून दुसऱ्यांच्या गाण्यांना आकार दिला. पोरंटोरं त्याला 'साहेब' म्हणत. आणि साहेब नव्या पोरांना पहिला धडा द्यायचे तो या शहराच्या धर्माचा: गाणं जन्मतं तेव्हा जो खोलीत असतो, त्याचं नाव गाण्यावर. कोणी चार कडवी लिहिली, कोणी नुसतं 'आणि' सुचवलं, ते विचारायचं नाही. खोलीत होतास ना? मग गाणं तुझंही.

ज्या गाण्यानं त्याला साहेब केलं, त्याच गाण्याच्या वेळी त्यानं हा धर्म मोडला होता. तोही असा, की मोडला असं कुणाला म्हणता येऊ नये.

ती एप्रिलची दुपार होती. खोलीत लॉयल, त्याचा जोडीदार डब प्रुइट आणि व्हर्लीन ओग्ल्सबी. व्हर्लीन डेमो गायची. म्हणजे गाणं आधी तिच्या गळ्यातून नमुन्यादाखल गाऊन घ्यायचं, टेप मोठ्या गायिकेकडे धाडायची आणि त्या बाईनं व्हर्लीनचा श्वाससुद्धा जसाच्या तसा उचलायचा. माईक बिघडला होता म्हणून तिघं बसून होती. बसल्या बसल्या व्हर्लीन म्हणाली, "माझा बाप गेला ना, तरी आई दर सोमवारी त्याचा एक सदरा धुवायची. मळलेला नसायचा, तरी धुवायची. दोरीवर घालायची. रस्त्यानं जाणाऱ्याला वाटावं, घरात पुरुषमाणूस आहे."

डबच्या हातातली पेन्सिल थांबली. लॉयलच्या अंगावर काटा आला. पंधरा वर्षं तो ज्याची वाट बघत होता, ते त्याच्या पुढ्यात येऊन बसलं होतं.

आणि तो म्हणाला, "व्हर्लीन, कोपऱ्यावरून तीन कॉफी आणतेस का गं? तुझे पाय चांगले आहेत."

ती हसत गेली. परत आली तोवर पहिलं कडवं आणि धृपद उभं होतं. ती खोलीत नव्हती. धर्माप्रमाणे गाणं दोघांचं. तिनं कॉफी खाली ठेवली, कागद वाचला, एकदा लॉयलकडे बघितलं आणि माईक दुरुस्त होताच त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली.

इथं थांबला असता तरी एक वेळ ठीक होतं. पण गाणी लिहिणाऱ्यांच्या बैठकीत, गाण्याआधी त्याच्या जन्माची गोष्ट सांगायची रीत आहे. लोक विचारायला लागले, गाण्यातली ही बाई कोण? लॉयल पहिल्यांदा अडखळला आणि म्हणाला, "माझी आई." लोकांनी डोळे पुसले. दुसऱ्या खेपेला तो अडखळला नाही. पुढे पुढे त्यानं त्या सदऱ्याला निळ्या रेघासुद्धा दिल्या.

ते त्याच्या आईच्या कानावर गेलं. तिचा फोन आला. "मेल्या, तुझा बाप इथं माझ्यासमोर बसून कॉर्नब्रेड चावतोय. त्याला कधी पुरलास रे तू?"

"आई, गाण्याची गोष्ट आहे ती."

"गाण्याची गोष्ट गाण्यात सांग. मला कशाला विधवा करतोस?"

बाप मागून ओरडला, "त्याला सांग, मेलोय तर माझा सदरा तरी परत पाठव!" दोघं हसली. लॉयलही हसला.

यंदा समितीनं सन्मानासाठी त्याची निवड केली. प्रदर्शनासाठी काही जुनं द्या म्हणाले, तेव्हा त्यानं माळ्यावरचं टेपांचं खोकं न उघडता देऊन टाकलं. इथंच त्याची चूक झाली. एखादी चाल निसटू नये म्हणून या धंद्यातली माणसं बसल्याबरोबर टेबलावरचं छोटं यंत्र सुरू करतात आणि विसरून जातात. त्या दुपारीही ते चालू होतं.

समितीच्या अध्यक्षानं त्याला बोलावून टेप ऐकवली. व्हर्लीनचा आवाज. सदरा. कॉफीची फर्माईश. दार लागल्याचा आवाज. आणि मग लॉयलची कुजबुज: "डब, चल, ती यायच्या आत उरकू."

लॉयलला वाटलं, जमीन दुभंगावी. डब केव्हाच मातीआड गेला होता. लाज वाटून घ्यायला तो एकटाच उरला होता.

"तिचं नाव घाला," तो म्हणाला.

"ती खोलीत नव्हती, लॉयल. नियम तुलाच जास्त ठाऊक."

"मी तिला घालवली होती! ऐकलंत ना आत्ता?"

"आम्ही टेप दार लागल्यानंतरची लावणार आहोत. कुजबुज काढून टाकू. रविवारी पाचशे पाहुणे जेवायला येतायत, बाबा. आईची गोष्ट सांग, सगळ्यांना आवडते." अध्यक्षानं त्याच्या पाठीवर थोपटलं. सन्मानाचं थोपटणं लॉयलला त्या दिवशी चाबकासारखं लागलं.

टेपची एक नक्कल मागून घेऊन, ती खिशात घालून तो तिथून थेट व्हर्लीनच्या चर्चमध्ये गेला. ती आता तिथल्या गायकवृंदाला शिकवते. स्वयंपाकघरात एकटीच शेंगा मोडत बसली होती.

"ये, साहेब! पाटी मिळतेय म्हणे. बस, शेंगा मोड, हात तर कामाचे दिसू देत."

त्यानं टेप लावली. तिचे हात चालूच होते. 'उरकू' आलं तेव्हा थांबले.

"मी म्हणत होते, योगायोग असेल," ती म्हणाली. "एकतीस वर्षं स्वतःला तेच सांगितलं. तू तेवढंही ठेवलं नाहीस."

"व्हर्लीन, मी समितीला सांगितलं, तुझं नाव..."

"बंद खोलीत सांगितलंस. बंद खोलीत तू फार शूर." तिनं टोपली बाजूला सारली. "नाव राहू दे. माझ्या आईचं नाव लुएला. मी तुझ्या बैठकीत मागच्या रांगेत बसून ऐकलंय तुला. तू तिच्या सदऱ्याला निळ्या रेघा दिल्यास. तो पांढरा होता, लॉयल. बाप दुसरा रंग घालायचाच नाही."

लॉयलनं मान खाली घातली. माफी तोंडाशी आली होती, पण तीही त्याला चोरलेली वाटली.

"मान वर कर. रविवारी पाचशे माणसांसमोर तू उभा राहणार. ते तुला विचारणार, ती बाई कोण? तिथं काय सांगशील? मला आत्ता ऐकायचंय. बोल."