ओढ्याकाठचं हिरवं कुरण

एलेओदोरोचा जीव बायकोपेक्षा घोडीवर जास्त, हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं आणि बायकोला, त्रान्सितोला, सगळ्यात आधी. घोडीचं नाव मुर्ता. पळत्या वासराला छातीने रेटून भिंतीला दाबायच्या शर्यतीत पंचक्रोशीत तिला तोड नव्हती. अन् शर्यत तीन आठवड्यांवर आली असताना तिचे मागचे पाय झटक्यासरशी थेट पोटाला लागायला लागले.

कुंपणावर बसलेले टवाळ खिदळले. "वा रे वा, मुर्ता नाचायला शिकली! आता नाचात हलवायला रुमाल तेवढा द्या तिला!"

एलेओदोरोच्या अंगाचा तिळपापड झाला. त्याने निकानोरला धरलं. मुर्ताला चार वर्षं शिकवणारा चाबूकस्वार तो.

"पायांवर काठी हाणलीस ना तिच्या? खरं बोल!"

"आईशप्पथ मालक, बोटसुद्धा लावलं नाही. दोष तुमच्या कुरणाचा आहे. यंदा पाऊस नाही, सगळं गवत जळालं. ओढ्याकाठी ते पिवळ्या फुलांचं तण तेवढं हिरवं राहिलंय, तेच खातेय ती. माझ्या मामाच्या तीन घोड्यांचं असंच झालं होतं. तिला टेकडीवर न्या, वाळला चारा घाला. वर्ष लागेल, पण सुधारेल."

"माझ्या बापाने बुंधे उपटून केलेलं कुरण ते! त्याला नावं ठेवतोस? चोर तर चोर, वर शिरजोर! चालता हो!"

निकानोरने खोगीर खांद्यावर टाकलं. "मी जातो. पण तिला तिथून काढा, मालक," एवढंच तो म्हणाला आणि दूर वाल्दिवियाला कामाला निघून गेला.

अक्कल गहाण टाकलेल्या माणसाला कोण सांगणार! मुर्ताला चालवेना, तसा एलेओदोरो रोज सकाळी ओढ्याकाठी जाऊन तीच कोवळी पानं खुडायचा आणि टोपी भरभरून तिच्या तोंडाशी न्यायचा. "खा गं माझे बाई, खा." आणि ती बिचारी विश्वासाने खायची. शर्यत तिच्याविनाच झाली. उन्हाळा सरता सरता ती बसली ती उठलीच नाही. शेवटी खाटीक आला. त्या दिवशी एलेओदोरो लहान पोरासारखा रडला आणि रडता रडता त्याने निकानोरच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

कुरण रिकामं झालं. हिरवा चारा वाया कशाला घालवायचा म्हणून त्याने गाडीचा म्हातारा पांढरा घोडा तिथे सोडला. त्याच्या पाठीवर कुणी कधी बसत नव्हतं, त्याला शिकवायला कुणी येत नव्हतं.

महिना झाला. पाऊस अजून नव्हताच. एका सकाळी नवराबायको घोडा आणायला गेली. एलेओदोरोने शीळ घातली. घोडा वळला, त्याने एक पाऊल पुढे टाकलं, आणि मागचा पाय झटक्यासरशी पोटाला लागला. मग दुसरा.

एलेओदोरो फाटकाला धरून उभा राहिला.

"निकानोर तर वाल्दिवियाला आहे," त्रान्सितो म्हणाली. "मग ह्याला कुणी मारलं हो?"