सातचं बटण

दीपमालाने बीमचं गणित तिसऱ्यांदा करून पाहिलं आणि तिचं उत्तर तिसऱ्यांदाही बाबांच्या उत्तराशी जुळलं नाही. तिने पेन्सिल खाली ठेवली, चष्मा डोक्यावर सरकवला आणि दोन्ही डोळे चोळले. बडनेऱ्याहून सकाळची गाडी धरून ती अकोल्याला आली होती. पिशवीत तपासायचे पेपर तसेच पडले होते. अमरावतीच्या कॉलेजात आठवडाभर गवई मॅडम म्हणून पोरांच्या चुका काढायच्या आणि शनिवारी माहेरी येऊन आराम करायचा, असा तिचा बेत असे. आरामाचं अजून काही जमलं नव्हतं.

टेबलापलीकडे तिचे बाबा, देवमन तायडे, बशीत चहा ओतत होते. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी समोरच्या खोलीत हे टेबल मांडलं होतं आणि लोकांच्या घरांची, गोदामांची डिझाइनं करायला घेतली होती. आपल्याकडच्या काळ्या मातीत पाया कसा टिकवायचा हे तायडे साहेबांना विचारावं, असं बाळापूरपासून दर्यापूरपर्यंतचे ठेकेदार म्हणत. साहेबांची सही असली की कागद पुन्हा कोणी तपासत नसे. दीपमालाही तपासत नव्हती. आज सहज, चहा होईपर्यंत हाताला चाळा म्हणून तिने समोरचा कागद ओढला होता.

"बाबा, हे पोर्चचं बीम."

"नितेशचं? झालं ते. सोमवारी सळई बांधून राहिला तो."

"लांबी पाच पॉइंट सात लिहिली तुमी. वर्ग करताना नुसता पाचचाच केला. चार सळया पाहिजेत तिथं तीनच बसवल्या."

बाबांनी बशी ठेवली. कागद घेऊन आधी लांब धरला, मग जवळ धरला. स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. आईने गॅस बारीक केला तोवर ते कागदाकडेच पाहत होते. मग त्यांनी आपला कॅल्क्युलेटर जवळ ओढला.

हा कॅल्क्युलेटर म्हणजे त्या घरातलं एक प्रकरणच होतं. बाबांना नोकरी लागली त्या वर्षी त्यांनी तो घेतला, आणि तेव्हापासून त्याला दुसऱ्या कोणाचं बोट लागलेलं त्यांना खपत नसे. बटणांवरचे आकडे पुसट झाले होते, पण त्यांच्या बोटांना ते पाठ होते. 'माह्याहून जास्त जीव त्या डब्ब्यावर,' असं आई ललिता पाहुण्यांसमोरसुद्धा म्हणे. दीपमालाने एकदा त्यांना स्वतःकडे होता तसाच नवा आणून दिला होता, समीकरणंसुद्धा सोडवणारा. बाबांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि परत दिला. म्हणाले, "लई हुशार आहे हा. मले हुशार नको, खरा पाहिजे."

गल्लीत कोणाचं पोरगं डिप्लोमाला किंवा इंजिनियरिंगला लागलं, की कॅल्क्युलेटर घ्यायला तायडे साहेबांना सोबत न्यायचं, असा रिवाजच पडला होता. ते दुकानात उभे राहून एकेक नग डब्यातून बाहेर काढत. आठ गाळून एक ते नऊ आकडे ओळीने दाबत आणि नवाने गुणत. पडद्यावर सगळे एकच एक उभे राहत. अठराने गुणलं की सगळे दोन, त्रेसष्टने गुणलं की सगळे सात. याला ते हजेरी घेणं म्हणत. एखादा आकडा कच्चा निघाला की तो नग परत डब्यात. यंदा शेजारच्या खुशीसाठी त्यांनी अशी हजेरी घेतली तेव्हा दुकानदाराने मागच्या मागे जांभई दिली होती.

आता त्यांनी पाच दाबलं, पॉइंट दाबला, सात दाबलं. पडद्यावर पाच पॉइंट सात आलं.

"आता उमटलं," बाबा म्हणाले. "कधी उमटते, कधी नाही उमटत. सातचं बटन अडकून राहिलं काही दिवसांपासून."

दीपमालाच्या छातीवरचा दगड उतरला. चूक कुठून आली असेल याचा विचार तिने गेल्या दहा मिनिटांत नको तिथपर्यंत नेऊन ठेवला होता. बाबांनी मागच्या महिन्यात तिला दोनदा एकच गोष्ट सांगितली होती, एकदा चौकातून घरचा रस्ता चुकले होते, ते सगळं तिच्या डोळ्यांसमोर येऊन गेलं होतं. आणि निघालं काय, तर बटण.

"मी नेते ना अमरावतीले. जवाहर गेटजवळ देवीदास म्हणून एक आहे घड्याळवाला. कॅल्क्युलेटरही करते."

 बाबांनी कॅल्क्युलेटर झाकणात सरकवला आणि स्वतःच्या हाताने तिच्या पिशवीत ठेवला. आई दारात उभी होती.

"मी तर कधीची म्हनून राहिली, त्या डब्ब्याले आता रिटायर करा म्हनून," ती म्हणाली, आणि हसत आत गेली. तिच्या हसण्यातही दगड उतरल्यासारखं काहीतरी होतं.

निघण्यापूर्वी दीपमालाने बीम दुरुस्त केलं आणि ठेकेदार नितेशला फोन करून चौथी सळई सांगितली. तो बिचारा काही न विचारता हो म्हणाला. साहेबांच्या घरून आलेला आकडा त्याच्यासाठी साहेबांचाच होता.

परतीच्या गाडीत तिला खिडकी मिळाली. मूर्तिजापूर गेलं तरी ती पिशवीतले पेपर काढेना. तिच्या वर्गातली निम्मी पोरं कॅल्क्युलेटर अंशांवर न आणता तसाच वापरतात, अर्धा यायचा तो तीस अंशाचा साइन उणे येतो, आणि तो उणे ती बिनधास्त उतरवून काढतात. त्यांना ओरडून तिचा घसा बसला होता. बाबांच्या कागदाचा फोटो तिने फोनवर काढून आणला होता. तो पाहू म्हणून तिने उघडला आणि बडनेरा यायच्या आधी तिला दुसरी चूक सापडली. पोर्चवर कंबरेएवढी विटांची भिंत होती. तिचं वजन बाबांनी कुठेच धरलं नव्हतं. इथे सात नव्हतं, पाचही नव्हतं. ती ओळच नव्हती.

उतरल्या उतरल्या प्लॅटफॉर्मवरूनच तिने नितेशला पुन्हा फोन लावला आणि सळई जाड घ्यायला सांगितली. मग तिथल्याच बाकावर ती बराच वेळ बसून राहिली.

देवीदासचं दुकान म्हणजे एक काच आणि एक स्टूल. डोळ्याला भिंग लावून तो बसलेला असे. दीपमालाने सोमवारी कॅल्क्युलेटर दिला आणि बुधवारी, शेवटचा तास संपवून, ती तो घ्यायला गेली.

"ताई, याले काहीच नाही झालं," देवीदास म्हणाला.

"सातचं बटन अडकते ते."

"सात ठीक हाय."

"खोलून पाहिलं काय?"

"खोललं, साफ केलं, पुन्हा बसवलं. आतून नवरीवानी हाय. लई जपून वापरला कोणी तरी."

तिने कॅल्क्युलेटर हातात घेतला आणि काचेवर ठेवून हजेरी घेतली. त्रेसष्टने गुणल्यावर पडद्यावर सगळे सात उभे राहिले. तिने पुसलं आणि पुन्हा गुणलं. बटण हळू दाबून पाहिलं, तिरपं दाबून पाहिलं, कडेला दाबून पाहिलं. प्रत्येक वेळी सात येत होतं. इतकं खरं वागणाऱ्या यंत्राचा तिला राग आला.

"कधी कधी अडकत असेल. नेहमी नाही," ती म्हणाली.

देवीदासने भिंग काढून तिच्याकडे पाहिलं.

"तुमाले काय पायजे, ताई? खराब हाय म्हनू काय? तुमाले बरं वाटत असन, तर म्हनतो."

तिने पाकीट उघडलं. त्याने साफसफाईचेसुद्धा पैसे घेतले नाहीत.

पुढचे दिवस तिने मनाशी हिशेब करण्यात घालवले. बाबांना खरं सांगितलं तर ते त्याच दिवशी टेबल गुंडाळतील. मग सकाळी उठून काय करायचं, हे त्या माणसाला कोणी शिकवलंच नव्हतं. न सांगावं तर त्यांच्या सहीच्या छपराखाली लोक झोपणार, पोरं खेळणार. शेवटी तिने असं ठरवलं, की बटणच खराब होतं म्हणायचं. दर शनिवारी लवकर यायचं आणि त्यांच्या नकळत एकेक कागद तपासून काढायचा. कॉलेजचे पेपर रविवारी पाहू. नवऱ्याला काहीतरी सांगू. हे किती वर्षं चालेल याचा विचार तिने केला नाही. तेवढी ताकदच राहिली नव्हती.

शनिवारी ती पोचली तेव्हा बाबा टेबलाशी बसले होते. टेबलावर एकही कागद नव्हता.

"काय म्हनला देवीदास?"

"बटनच होतं. खालचा रबर झिजला होता सातचा. बदलला त्याने." गाडीत तिने हे घोकलं होतं, त्यामुळे ते न अडखळता बाहेर पडलं.

"पाह्य, मी म्हनलं नव्हतं?" आतून आई म्हणाली.

बाबांनी कॅल्क्युलेटर हातात घेतला. चालू केला नाही. अंगठा बटणांवरून फिरवत राहिले.

"त्रेसष्टनं गुणून पाहिलं काय?"

"पाहिलं ना."

"सगळे सात आले?"

"आता येतात, बाबा."

बाबांनी स्वयंपाकघराकडे एकदा पाहिलं. आईने तिकडे फोडणी टाकली होती, तिचा चर्र आवाज चालू होता. तो आहे तोवरच बोलून घ्यावं अशा बेताने ते हळूच म्हणाले,

"पहिलेही येत होते."

दीपमालाने खुर्ची त्यांच्याजवळ ओढली.

"मी रोज हजेरी घेतो याची. चहाच्या आधी. त्या दिवशीही घेतली होती." त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "मले वाटलं, देवीदास काही तरी काढीन. जुनी वस्तू आहे, काही ना काही निघतेच. तू येऊन म्हनली असती काहीच नाही निघालं, तर मी भांडलोही असतो. म्हनलो असतो, त्या घड्याळवाल्याले काय समजते." त्यांनी चष्मा परत चढवला. "तुले खोटं बोलता येत नाही, दीपा. लहानपणापासून येत नाही."

तिला रडू आलं. ते दिसू नये म्हणून ती उगाच पंख्याकडे पाहू लागली, पण पंखा बंदच होता. आता एवढं झालंच आहे तर राहिलेलंही सांगून टाकावं, असं तिला वाटलं.

"पोर्चवरच्या भिंतीचं वजन राहिलं होतं," ती म्हणाली. "मी धरलं मग. नितेशले सांगतलं."

बाबांनी डोळे मिटले. भिंत त्यांना दिसत असावी, कारण थोड्या वेळाने त्यांनी मान हलवली.

"तिथं तर सात नाही," ते म्हणाले. "बरं केलं सांगतलं."

टेबलावरचा त्यांचा फोन वाजला. पडद्यावर नितेशचं नाव होतं. नेहमी दुसऱ्या रिंगला फोन उचलणारे बाबा स्वस्थ बसून राहिले. मग त्यांनी एका बोटाने तो तिच्याकडे सरकवला.

"घे."

"तुमचा फोन आहे, बाबा."

"बाळापूरचं गोदाम आहे त्याचं. सगळी काळी माती आहे तिथं, फुगते. पाया मुरूम लागेपर्यंत खाली नेजो, तो घाई करीन तरी ऐकू नको. एवढं मले अजून समजते, कधीही विचार." त्यांनी फोन आणखी पुढे सरकवला. "आकडे तू कर."

फोन वाजायचा थांबला आणि लगेच पुन्हा वाजू लागला. दीपमालाने ओढणीने नाक पुसलं, तो कानाला लावला आणि हॅलो म्हटलं.

"नमस्कार, तायडे साहेब आहेत काय?" नितेश पलीकडून म्हणाला. त्याच्यामागे कुठेतरी मिक्सर फिरत होता.

तिने बाबांकडे पाहिलं. ते कॅल्क्युलेटरला झाकण घालत होते. घालून झाल्यावर त्यांनी तो तिच्या पेपरांच्या पिशवीवर ठेवला आणि खाली पडू नये म्हणून जरा आत दाबला.

"तायडेच बोलते," ती म्हणाली. "सांगा."