टिन लेकची काचेची पेटी

मी एक जुनी काचेची पेटी आहे. खरे तर माझ्या अंगावर काच कुठेच नाही. वर जाड पारदर्शक प्लास्टिक, खाली लोखंडी कपाट आणि त्याला चार चाके, एवढाच माझा देह. पण वेळेआधी जन्मलेल्या बाळाला मराठी माणसे काचेच्या पेटीतच ठेवतात. टिन लेकच्या दवाखान्यात मराठी बोलणारी दोन माणसे होती, म्हणून मला हे नाव मिळाले.

मित्रांनो, माझा जन्म १९६८ साली दूर दक्षिणेच्या किचनर शहरातल्या एका लहान कारखान्यात झाला. पुढच्याच हिवाळ्यात मला गोठलेल्या तळ्यांवरून ट्रकने उत्तरेला नेले. टिन लेक हे खाणीचे गाव. खाणीवर सहाशे माणसे होती. चहूकडे झाडी आणि बर्फ, आणि बाहेर जायला आठवड्यातून एक विमान. त्या प्रदेशाचे सरकार दूर राजधानीत बसे. गावाला एक दवाखाना होता आणि त्यात बाळंतपणाची एक खोली होती. त्या खोलीत मी उभी राहिले.

दवाखान्याचे डॉक्टर होते साताऱ्याचे दीनानाथ सबनीस. माझ्यापाठोपाठ नर्स आली. ती अलिबागजवळच्या किहीमची, कोकणातल्या ज्यू, म्हणजे बेने इस्राएल समाजाची, लिडिया किहिमकर. माझ्या भिंतीला हात घालण्यासाठी दोन गोल खिडक्या आहेत. लिडियाबाई त्यातून हात घालायच्या, तेव्हा आतले बाळ रडायचे थांबायचे. मी ऊब देत असे, पण माया त्यांच्या हातांत होती.

त्यांची एक रीत होती. माझ्यात ठेवलेल्या प्रत्येक बाळाची नोंद एका मोठ्या रजिस्टरमध्ये करायची असे आणि वर्षाच्या शेवटी तिची नक्कल राजधानीला जाई. लिडियाबाई मात्र पहिल्या दिवशी रजिस्टर उघडतच नसत. आईचे नाव, वजन, ताप असे सगळे एका चिठ्ठीवर लिहीत आणि सहाव्या दिवसानंतर ते रजिस्टरमध्ये उतरवीत.

डॉक्टर त्यांना चिडवायचे. "लिडियाबाई, शनिवार पाळता आणि वर सटवाईलाही घाबरता? डबल ड्यूटी झाली की हो ही!"

"हसा तुम्ही. धर्म वेगळा असेल डॉक्टर, पण गाव तर एकच होतं ना? सहाव्या रात्री ती येऊन कपाळावर लिहिते. तिनं लिहायच्या आधी आपण कशाला पेन उचलायचं?"

"आणि इन्स्पेक्टर आला तर?"

"त्याला म्हणावं, सहावी रात्र होऊ दे."

डॉक्टर हसत आणि विषय तिथेच संपे. पण मित्रांनो, बहुतेक बाळे माझ्यात सहा दिवस राहतच नसत. कोणी तीन दिवसांत बाळसे धरून आईच्या कुशीत जाई. कोणी फार अशक्त असले तर विमानाने सस्काटूनच्या मोठ्या इस्पितळात जाई. सहावी रात्र माझ्यात न गेल्यामुळे त्यांच्या चिठ्ठ्या चिठ्ठ्याच राहिल्या. लिडियाबाईंनी त्या टाकल्या नाहीत, दोरीने बांधून माझ्या खालच्या कपाटात ठेवल्या. त्या बाळांचे त्यांनी सगळे काही केले. फक्त रजिस्टरमध्ये नाव चढवायचे राहिले.

माझे दिवस चांगले चालले होते. बाळांच्या आया मला पुसून जात. दर नाताळात कोणीतरी माझ्या कडेला कागदी चांदणी चिकटवी.

मग १९८२ साल आले. धातूचे भाव पडले आणि खाणीने अर्धी माणसे काढली. पुढच्या जानेवारीत राजधानीहून पत्र आले. डॉक्टरांनी ते माझ्याजवळ उभे राहून वाचले. चौदा वर्षांत या पेटीचा उपयोग फक्त नऊ बाळांना झाला आहे, सबब बाळंतपणाची खोली बंद करण्यात येत आहे. यापुढे गरोदर बायकांनी दोन महिने आधी विमानाने सस्काटूनला जाऊन राहावे.

"नऊ?" डॉक्टर म्हणाले. "एका वर्षात नऊ झाली असतील!"

लिडियाबाई माझी कड घट्ट धरून उभ्या होत्या.

दोन दिवसांनी सरकारी माणूस आला. त्याने मला अडगळीच्या खोलीत ढकलले, दाराला कुलूप लावून सील ठोकले आणि किल्ली घेऊन तो विमानात बसला. चिठ्ठ्याही माझ्याबरोबर कोंडल्या गेल्या.

त्या खोलीला खिडकी नव्हती. तिथली हीटरची नळी बंद केली होती. माझ्या आतल्या अंगाला बर्फाची जाळी चढली. एकीकडे कुबड्या, दुसरीकडे मोडका पलंग, मध्ये मी. वस्तूला राग येत नाही असे तुम्हाला वाटत असेल. पण ज्या खोट्या आकड्यावरून आपल्याला कोंडले त्याचे उत्तर आपल्याच पोटात असावे आणि आपल्याला तोंड नसावे, याहून मोठी कोंडी कोणती? रोज संध्याकाळी लिडियाबाईंची पावले दाराशी येत. कुलूप हलल्याचा आवाज होई. मग पावले परत जात.

एकदा भिंतीपलीकडे रडणे ऐकू आले. ती रोझ होती. तिला सहावा महिना होता. तिच्या नवऱ्याची खाणीतली नोकरी गेली होती. तिची आई जॉयस दवाखान्यात स्वयंपाक करी. रोझ म्हणत होती, "दोन महिने परक्या गावात एकटी? मी नाही जाणार, आई. इथेच मेले तरी चालेल."

"मरायची भाषा करू नकोस," जॉयस म्हणाली. "मंत्री येतोय मार्चमध्ये. आधी त्याला खाऊ दे माझी बोलणी."

मार्चमध्ये मंत्री आले. आरोग्य आणि उद्योग ही दोन्ही खाती त्यांच्याकडेच होती. सभा दवाखान्याच्या जेवणघरात भरली. ते माझ्या खोलीच्या भिंतीला लागूनच होते, म्हणून मला शब्द न् शब्द ऐकू येत होता.

जॉयसने पहिला प्रश्न विचारला. "साहेब, खाणीने माणसं काढली म्हणून तुम्ही बाळंतपणाची खोली बंद केली. खोली बंद झाली म्हणून उरलेल्या पोरी गाव सोडतायत. मग खाणीवर काम करणार कोण आणि तुम्ही राज्य करणार कोणावर? अस्वलांवर?"

हशा पिकला. मंत्री थांबले आणि शांतपणे म्हणाले, "मला तुमचं दुःख कळतं. पण चौदा वर्षांत नऊ बाळं. हा आकडा तुमच्याच दवाखान्याने पाठवलेला आहे."

"माझा अल्बर्ट चार दिवस होता त्या पेटीत. तो आहे का त्या नऊमध्ये?"

कागद चाळल्याचा आवाज आला. अल्बर्ट नव्हता. मग दुसरी बाई उठली, मग तिसरी. त्यांचीही मुले नव्हती.

"आठवण म्हणजे पुरावा नव्हे," मंत्री म्हणाले.

तेवढ्यात खुर्ची सरकली आणि डॉक्टर हळूच मराठीत म्हणाले, "लिडियाबाई, बसा. तुमचं लायसन्स जाईल."

"जाऊ दे, डॉक्टर. दोन महिने रोज दारापर्यंत येते आणि परत फिरते. आता पाय मागे जात नाहीत माझे."

मग त्या इंग्रजीत बोलल्या. "आकडा चुकीचा आहे, सर, आणि चूक माझी आहे. बाळ सहा दिवस राहिल्याशिवाय मी रजिस्टरमध्ये लिहीत नव्हते. आमच्याकडची समजूत आहे. बाकीच्या नोंदी त्या पेटीतच आहेत. तुम्ही तिला कोंडलंत. पण तुमच्या ऑफिसातल्या एकानेही चौदा वर्षांत एकदा फोन करून विचारलं नाही, की एवढ्या मोठ्या गावात नऊच कशी? माझ्या चुकीचं उत्तर मी देते. न विचारल्याचं उत्तर तुम्ही द्या."

"दार उघडा!" जॉयस ओरडली, आणि मग सगळेच ओरडू लागले.

मंत्र्यांबरोबर आलेल्या त्याच सरकारी माणसाच्या खिशात किल्ली होतीच. सील तुटले. दोन महिन्यांनी माझ्यावर उजेड पडला. मला चाकांवरून जेवणघरात नेले आणि डॉक्टर एकेक चिठ्ठी वाचू लागले. नाव वाचले की सभेतून कोणीतरी "हा इथे आहे" म्हणे, कोणी हात वर करी. एका नावावर कोणीच बोलले नाही. ते बाळ जगले नव्हते. त्याची आई मागच्या रांगेत उभी राहिली आणि तशीच उभी राहिली. चिठ्ठ्या एकसष्ट निघाल्या.

मंत्र्यांना तिथेच लिहून द्यावे लागले. खोली पुन्हा सुरू होईल, आणि दर वर्षी मार्चमध्ये मंत्री याच जेवणघरात येऊन दवाखान्याचे आणि खाणीचे काय केले ते गावाला सांगतील.

एप्रिलमध्ये दोन गोष्टी झाल्या. रोझला वेळेआधी मुलगा झाला, साडेतीन पौंडांचा, आणि मी त्याला कुशीत घेतले. त्याच आठवड्यात लिडियाबाईंना पत्र आले. नोंदी न ठेवल्याबद्दल त्यांना कामावरून काढले होते. डॉक्टर राजधानीला तीन वेळा फोनवर भांडले. "तिच्यामुळे तुम्हाला खरा आकडा कळला!" ते ओरडत होते. उपयोग झाला नाही.

गुरुवारच्या विमानाने त्या टोरांटोला गेल्या. त्या दिवशी गावात आनंदाची मेजवानी होती, खोली उघडल्याची. धावपट्टीवर त्यांना निरोप द्यायला फक्त डॉक्टर आणि जॉयस होते, असे मी नंतर ऐकले.

मित्रांनो, माझी चाके आता कुरकुरतात. मला तेल घाला, माझी वायर जपा, एवढे मी मागतेच. जे तुमच्यावर राज्य करतात, त्यांनी आकडा सांगितला तर तो कुठून आला ते विचारा. आणि तुमच्यासाठी कोणी आपली चूक चारचौघांत उघडी केली, तर त्या माणसाला एकटे जाऊ देऊ नका. मला जाता आले नाही. माझ्यात रोझचा मुलगा झोपला होता. तुम्हाला तर पाय आहेत.